वेल माना का टाकतात?

प्रश्न : जुन्नर तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे. पाणी भरपूर, तरी दोन ओळींतले वेल दुपारी माना टाकतात. काय करू?

उत्तर : दादा, पाणी वाढवू नका, कुदळ घ्या. ड्रीपरखालची वीतभर माती उकरा. अर्धचंद्रासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची पांढरी अळी दिसली तर ती हुमणी. आमच्याकडे ती कच्च्या शेणखतातून आली. एका वेलाखाली अकरा निघाल्या, पांढरी मुळी एक शिल्लक नव्हती. फार जीव तुटला. सापडतील त्या वेचून मारा, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मेटारायझियम (हुमणीला मारणारी बुरशी) मिसळून ओल्या मातीत द्या. वळीव पडला की अंधारताना कडुनिंब-बाभळीच्या फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे, म्हणजे हुमणीचेच मोठे झालेले किडे, रॉकेलच्या पाण्यात टाका. शेजाऱ्यालाही सोबत घ्या. त्याच्या बाभळीवरचा भुंगेरा अंडी तुमच्या बागेत घालतो.