दोन टक्के आणि उरलेले अठ्ठ्याण्णव

विश्रामबाग, सांगली

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची तुझ्या नव्या सॉफ्टवेअर कंपनीच्या समाजकार्याची पुस्तिका, दोन्ही वाचलं. ऑफर लेटर आलं, घरी पेढे वाटले, हे वाचून मला किती आनंद झाला ते काय सांगू! कर्ज काढून शिकलीस, त्याचं चीज झालं. पण पत्राच्या शेवटी तू जे विचारलं आहेस, त्यावरच मी आज लिहिणार आहे. कंपनीने एवढ्या शाळांना कॉम्प्युटर दिले, झाडं लावली, तलावांतला गाळ काढला, म्हणजे कंपनी चांगलीच ना, असं तू म्हणतेस. तुझा मामेभाऊ म्हणतो की या सगळ्या मोठ्या कंपन्या लुटारू. खरं कोणाचं?

पुस्तिका वाचून यातलं काहीच ठरवता येत नाही, असं माझं मत आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मध्ये सांगितलंय की ठरावीक मर्यादेच्या वरच्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. ५०० कोटींची निव्वळ संपत्ती, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यातलं एक असलं की कलम लागू. १ एप्रिल २०१४ पासून ते अमलात आहे. तुझ्या हातातली पुस्तिका त्या दोन टक्क्यांची आहे. नफ्यातले उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कुठे गेले, आणि मुळात तो सगळा नफा कसा मिळवला, मिळवताना कोणाचं भलं झालं आणि कोणाला झळ बसली, हे तिच्यात नसतं. कंपनीची खरी सामाजिक जबाबदारी मात्र तिथेच असते.

दोन टक्क्यांचं काय होतं ते मी जवळून पाहिलंय. पावसाळा संपल्यावर जत तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले होते. तिथे एका कंपनीने दहा कॉम्प्युटर दिले आहेत. खोलीच्या दारावर पाटी आहे, भिंतीवर देणगीदारांचा फ्लेक्स आहे, आत टेबलांवर प्लॅस्टिकची कव्हरं घातलेली यंत्रं एका रांगेत. मुख्याध्यापकांनी कुलूप काढलं आणि आधी खिडक्या उघडल्या, कारण मीटरच नव्हतं. लाईट बिल थकलं म्हणून कनेक्शन तोडलेलं. शेजारच्या घरातून वायर ओढून एक यंत्र चालू केलं, तर त्यातली छोटी बॅटरी मेलेली, तारीख दरवेळी मागे जायची. दोन कीबोर्डच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या. शाळेची सगळी ऑनलाईन माहिती तिथल्या बाई स्वतःच्या मोबाईलवरून, स्वतःच्या रिचार्जवर भरतात. सातवीची एक मुलगी माझ्या पाठोपाठ आत आली आणि कव्हर वर करून कीबोर्डवरची अक्षरं बोटाने वाचत राहिली. तिच्या हातून ते यंत्र कधी चालू झालेलं नाही.

देणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. यंत्रं दिली, फोटो काढले, शाळेचं पत्र घेतलं, खर्च नोंदला. नियमही असे आहेत की कामाचा परिणाम बाहेरच्या संस्थेकडून तपासून घेण्याची सक्ती वर्षाला सरासरी १० कोटी किंवा जास्त रक्कम खर्चावी लागणाऱ्या कंपन्यांनाच आहे, आणि तीही १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांसाठी. जतच्या शाळेतली दहा यंत्रं कोणत्याच चाळणीत सापडत नाहीत. शिवाय कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायदा म्हणतो. त्याची सक्ती नाही असा खुलासा केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने केलाय, तरी कंपन्यांना ते सोयीचं पडतं. त्यामुळे नोकरीला पोरं जातात सांगली-साताऱ्याहून आणि पैसा फिरतो पुण्याच्या आसपास.

आता अठ्ठ्याण्णव टक्क्यांकडे ये. शाळेतली ती यंत्रं कंपनीने वापरून बदललेली होती, विंडोज १० वर चालणारी. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला नव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ते या यंत्रांत नाही. यंत्र धडधाकट असूनही त्याचं आयुष्य दूरच्या एका निर्णयाने संपतं. मग ते भंगारात जातं. जगात २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांच्या रीतसर पुनर्वापराची नोंद आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आलंय. बाकीचा कुठे जातो ते पाहायला फार लांब जावं लागत नाही. भंगाराच्या आवारात वायरी जाळून तांबं काढणाऱ्या पोरांना मी इथेच पाहिलंय, तो काळा धूर नाकातोंडात घेत. आपल्याकडे २०२२ चे ई-कचरा नियम आहेत, बनवणाऱ्यावरच पुनर्वापराची जबाबदारी टाकणारे. पण यंत्र किती वर्षं चालेल हे ठरवणाऱ्या बैठकीत जबाबदारीने वागलेली कंपनी मला हजार झाडं लावणाऱ्या कंपनीपेक्षा मोठी वाटते.

मामेभावाला मात्र हेही सांग की या कंपन्या आभाळातून पडलेल्या नाहीत आणि चोरी करून वाढलेल्याही नाहीत. टीसीएस १९६८ ची. परदेशी मालकी कमी करण्याची अट न मानता १९७८ मध्ये अमेरिकेची आयबीएम भारतातून निघून गेली, तेव्हा इथल्या लोकांना स्वतः उभं राहावं लागलं. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली, सुधा मूर्तींनी साठवलेल्या दहा हजार रुपयांवर. विप्रोचा जन्म तर १९४५ चा, आपल्या अमळनेरचा, वनस्पती तुपाच्या कारखान्यातून. त्याच विप्रोच्या अझीम प्रेमजींनी पुढे आपल्या मालकीच्या शेअरचा फार मोठा वाटा शिक्षणासाठीच्या फाउंडेशनच्या नावे केला. २०१९ च्या मार्चमध्ये एकाच वेळी ५२,७५० कोटींच्या शेअरचा लाभ त्यांनी तिकडे वळवला. हे दोन टक्क्यांच्या हिशेबात बसणारं दान नाही, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण या वाढीला समाजानेही खांदा दिलाय, हे विसरायचं नाही. १९९१ पासून सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क निघाले, निर्यातीच्या नफ्यावरची प्राप्तिकराची सूट ३१ मार्च २०११ पर्यंत चालली. हिंजवडीची जमीन एमआयडीसीने शेतकऱ्यांकडून घेतली. इंजिनिअर घडवले ते १९४७ पासूनच्या आपल्या वालचंदसारख्या अनुदानित आणि १९६० च्या कराडसारख्या सरकारी कॉलेजांनी. म्हणून कंपनी जेव्हा समाजासाठी काही करते, तेव्हा मला ती देणी फेडताना दिसते. उपकार केल्याचा सूर कुठे लागला, की मला राग येतो.

पुण्याहून मिरजेकडे गाडीने येताना किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावहून कारखाना हलवावा लागला तेव्हा औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली, आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर ते गाव वसलं. तिथे अस्पृश्यता पाळायची नाही हा कारखान्याचा रिवाज होता, शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी पहाऱ्यावर नेमलं. त्या वेळी कलम १३५ नव्हतं. कामावर कोणाला घ्यायचं, पंगतीत कोणाला बसवायचं, यातच त्यांची जबाबदारी दिसली. त्यांचा लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या गळी उतरवायला फिरणाऱ्यांत भाऊराव पाटीलही होते. त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, पुढे ती साताऱ्याला आणली आणि घराघरातून मूठमूठ धान्य जमवून वसतिगृहं चालवली. आपल्या नदीकाठची ही माणसं आहेत, बाळ. मोठी कंपनी कशी वागावी हे शिकायला प्रत्येक वेळी अमेरिकेकडे पाहायची गरज नाही.

आता तुझ्या कामाचं, कारण तू दोन टक्क्यांच्या विभागात जाणार नाहीस, तू कोड लिहिणार आहेस. ब्रिटनमध्ये पोस्टाच्या शाखांसाठी फुजित्सूने बनवलेली होरायझन नावाची प्रणाली होती. ती हिशेबात नसलेली तूट दाखवायची. १९९९ ते २०१५ या काळात तिच्या आकड्यांवर विसंबून ९०० हून जास्त शाखाचालकांवर चोरीचे, खोट्या हिशेबाचे गुन्हे शाबीत झाले. किती जण तुरुंगात गेले, दिवाळखोर झाले, काहींनी जीव दिला. प्रणालीत दोष आहेत हे कंपनीतल्या लोकांना माहीत होतं. शाखेच्या हिशेबात बाहेरून हात घालता येतो हेही माहीत होतं. तरी कोर्टात वर्षानुवर्षं मशीन बरोबर आणि माणूस खोटा असंच सांगितलं गेलं. २०१९ मध्ये न्यायालयाने होरायझनवर ठपका ठेवला, २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा सरसकट रद्द कराव्या लागल्या. त्याच वर्षी फुजित्सूच्या अधिकाऱ्याने माफी मागितली आणि भरपाईत वाटा देणं हे आपलं नैतिक कर्तव्य असल्याचं मान्य केलं. एवढी वर्षं त्या कंपनीची समाजकार्याची पानंही छापली जात असतीलच. एखाद्या इंजिनिअरने वेळेवर, लेखी, ठामपणे सांगितलं असतं आणि वरच्यांनी ऐकलं असतं, तर कितीतरी संसार वाचले असते.

हे तिकडचं झालं म्हणशील, तर महिनाअखेरीला एखाद्या रेशन दुकानासमोर उभी राहा. ऊसतोडीत, भांगलणीत बोटं झिजलेल्या म्हाताऱ्या बायका मशीनवर अंगठा ठेवतात, पुसतात, पुन्हा ठेवतात. अंगठा उमटत नाही. कधी सर्व्हर डाऊन असतो. दुकानदार उद्या या म्हणतो आणि बाईचा दिवसाचा रोजगार बुडतो. त्या मशीनचं सॉफ्टवेअर लिहिणारा कोणीतरी तुझ्यासारखाच हुशार आणि चांगल्या घरचा असणार. झिजलेल्या बोटांवर त्याने ते तपासून पाहिलं असतं का, एवढाच माझा प्रश्न आहे. अंगठा उमटला नाही तर पुढे काय, हा स्क्रीन कोणी आणि किती विचाराने बनवला, यावर त्या बाईचं धान्य ठरतं.

विजेचंही थोडं ध्यानात ठेव. २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली आणि २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून वर जाईल, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. वीज कुठूनतरी येते आणि कोणाचं तरी काही घेऊन येते. कोयनेच्या १,९६० मेगावॉटसाठी ज्यांची गावं पाण्याखाली गेली, त्यांच्यातले लोक अजूनही जमिनीसाठी धरणे धरतात. हे साताऱ्याच्या कोणालाही विचार.

मग नोकरी नाकारू का, असं मात्र मनात आणू नकोस. कर्ज तुझ्या नावावर आहे, धाकट्याचं शिक्षण व्हायचंय. रुजू हो, मन लावून काम शीक. रुजू होण्याआधी कंपनीचा वार्षिक अहवाल पूर्ण वाच, फक्त रंगीत पानं नकोत. कर्मचारी किती गळतात, कंत्राटी किती आहेत, वरच्या अधिकाऱ्याचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट आहे, दंड किंवा खटले किती, हे सगळं शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांना त्यात छापावं लागतं. ऑफर लेटर देऊन मुलांना वर्ष-दोन वर्षं घरी बसवलेल्या कंपन्याही आपण गेल्या काही वर्षांत पाहिल्या. तुझ्या आधीच्या बॅचच्या पोरांना विचार, ती खरं सांगतील. कामात काही चुकीचं दिसलं तर ते तोंडी सांगून थांबू नकोस, ईमेलवर लिही, तारखेसह. शब्द सौम्य ठेव, मुद्दा सोडू नकोस. टेस्टिंगला वेळ नाही असं जो म्हणेल, त्याला त्या रेशनच्या रांगेतल्या बाईबद्दल सांग.

आणि एक काम. तुझ्या कंपनीकडे जतच्या त्या शाळेसाठी अर्ज करावा असं माझ्या मनात आहे. नवी यंत्रं मागायची नाहीत. आहेत त्यांच्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली घालून देणारं कोणी, महिन्यातून एकदा फेरी मारणारा दुरुस्तीवाला, आणि पाच वर्षांचं लाईट बिल, एवढंच मागायचं. मसुदा मी करते. हे तुमच्या कंपनीच्या नियमांत कुठल्या सदराखाली बसतं आणि अर्ज कोणाच्या नावे करायचा, ते रुजू झाल्यावर चौकशी करून मला कळव.

आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
मॅडम