आजींचा चहा कोण विसरलं?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की सिरीयल बिघडली की लोक नटांना नावं ठेवतात पण बिघाड बहुतेक वेळा कागदावरच झालेला असतो. त्यावर इतके प्रश्न आले की या वेळी दुसरा विषय घेतच नाही. मी स्वतः बरीच वर्षं गोरेगाव, मढ, मीरा रोड अशा सेटवरच्या सिरीयल्सचे संवाद लिहिलेत, त्यामुळे उत्तरं थोडी तिखट होतील, सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई, मी आणि सासूबाई रोज संध्याकाळी भाजी निवडता निवडता एक सिरीयल बघतो. पहिलं वर्षभर काय मस्त होती, हिरॉईन एकदम फटकळ, कुणाचं ऐकून घ्यायची नाही. आता तीच बाई दीड महिना एका खोट्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून रडतेय. नटी तीच, घर तेच, पडदेसुद्धा तेच. सासूबाई म्हणतात हिच्यावर कुणीतरी करणी केली. मधेच लेखक बदलतात का हो?
— एक सूनबाई, डोंबिवली

उत्तर: सासूबाईंना सांगा करणी झालीये खरी, फक्त ती चॅनेलच्या मीटिंगमध्ये झाली असणार.

आणि हो, बदलतात. तुम्ही टायटल्स नीट बघा, आपल्याकडे कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन वेगळी नावं येतात. कथावाला पुढच्या तीन-चार महिन्यांचा ट्रॅक, म्हणजे गोष्ट कुठे जाणार ते, ठरवतो, पटकथावाला त्याचे भाग पाडतो, कुठल्या सीनला ब्रेक येणार आणि शेवटाला कुणाच्या तोंडावर कॅमेरा थांबणार ते बघतो, आणि मग माझ्यासारखी बाई रात्री दीडला बसून त्या माणसांना बोलायला लावते. तिघांपैकी एक जरी गेला तरी घरात नवीन माणूस आल्यासारखं होतं. पण कथा धरून ठेवणारा गेला ना तर मग सगळी पात्रं आपला भूतकाळ विसरतात.

माझ्याच एका सिरीयलचं सांगते, नाव नको. त्यात एक आजी होत्या आणि चाळिसाव्या भागाच्या आसपास त्यांच्या तोंडी असं होतं की हे गेले त्या दिवसापासून मी चहा सोडला, कारण सकाळचा पहिला कप तेच करून द्यायचे. छोटासा सीन, सगळे विसरले. वर्षभराने कथेची टीम बदलली, नवीन मुलं हुशार होती पण जुने तीन-साडेतीनशे भाग कोण बघत बसणार, आणि कागदावर आलं, 'आजी गॅलरीत मजेत चहा पितायत'. मीही आंधळ्यासारखे संवाद लिहून पाठवले. सकाळी साडेसातला सेटवरून फोन, आजींचं काम करणाऱ्या बाई स्वतः बोलत होत्या, "अगं, मी चहा पीत नाही." मला वाटलं ॲसिडिटी वगैरे. तर म्हणाल्या मी नाही गं, आजी पीत नाहीत. त्यांच्याकडे दोनशे पानी वही होती, पहिल्या दिवसापासून आपल्या पात्राबद्दल जे जे बोललं गेलं ते सगळं तारखेसकट टिपलेलं. चॅनेल, प्रॉडक्शन, आम्ही लेखक, एवढ्या सगळ्यांत आजींची आठवण फक्त त्या वहीत राहिली होती.

मग फोनवरच सीन बदलला. सून नकळत कप हातात देते, आजी तो घेतात, वाफ बघत बसतात आणि निवल्यावर कुंडीत ओततात. संवाद शून्य. त्या महिन्यात सगळ्यात जास्त पत्रं त्याच सीनला आली आणि मला त्याचे संवादलेखनाचे पैसे मिळाले, हे एक मजेशीरच.

तर तुमच्या फटकळ बाईचं हेच झालंय. ती चिठ्ठीवर विश्वास ठेवणारी बाई नाही हे माहीत असलेला माणूस आता त्या खोलीत नाहीये, किंवा आहे आणि त्याचं कुणी ऐकत नाहीये.

प्रश्न: माझा मुलगा न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो तिकडच्या सिरीयल्स पन्नास पन्नास वर्षं चालतात आणि तिथे हेड रायटर नावाचं एक पद असतं. आपल्याकडे का नाही?
— एक निवृत्त बँकवाले काका, मुलुंड

उत्तर: काका, मुलगा बरोबर बोलतोय. तिकडे दुपारच्या सिरीयल्सना सोप ऑपेरा म्हणतात कारण सुरुवातीला साबणाच्या कंपन्या पैसे घालायच्या. यातलं मूळपीठ म्हणजे शिकागोच्या इर्ना फिलिप्स. त्यांची 'गाइडिंग लाइट' 1937 मध्ये रेडिओवर सुरू झाली, 1952 मध्ये टीव्हीवर आली आणि 2009 ला संपली. 72 वर्षं! आपल्याकडे एवढ्यात चाळीच्या जागी टॉवर होऊन त्याचीही लिफ्ट बंद पडते.

तिकडे हेड रायटर लांबची गोष्ट आखतो, त्याच्या हाताखालचे लेखक रोजच्या भागाचा आराखडा करतात आणि आणखी वेगळे लेखक संवाद. म्हणजे कामाची वाटणी आपल्यासारखीच, फरक इतकाच की वर एक डोकं असतं आणि प्रेक्षकांनाही त्याचं नाव माहीत असतं. विल्यम बेल यांनी 'द यंग अँड द रेस्टलेस' 1973 मध्ये बायकोबरोबर सुरू केली आणि 1998 पर्यंत हेड रायटर तेच. एकाच माणसाच्या डोक्यात पंचवीस वर्षं, त्यामुळे कुणाचं कुणाशी कधी वाजलं होतं ते त्यांना विचारायला लागत नसणार. बेल काय किंवा 'ऑल माय चिल्ड्रन' काढणाऱ्या ॲग्नेस निक्सन काय, दोघंही इर्नाबाईंच्या हाताखाली तयार झालेले, म्हणजे आपल्या गाण्यातल्या घराण्यासारखंच झालं.

मला त्यातले डग्लस मार्लंड फार आवडतात. 1985 पासून 1993 मध्ये वारले तोवर ते 'ॲज द वर्ल्ड टर्न्स'चे हेड रायटर होते. चालू सिरीयल हातात आल्यावर ती बिघडवायची नसेल तर काय करावं याची त्यांनी यादीच दिली होती. आधी सिरीयल बघा. तिचा इतिहास शिका. प्रेक्षकांची पत्रं वाचा. मुख्य पात्रांचा स्वभाव बदलू नका, नवी पात्रं हळूहळू आणा, आणि पहिले सहा महिने कुणाला काढू नका. इतकं साधं की हसू येतं. पण आधी सिरीयल बघा हे सांगावं लागलं यातच सगळं आलं ना, माझ्या त्या हुशार मुलांनी एवढं एक केलं असतं तरी आजींना चहा पाजला नसता!

आणि आपल्याकडे अगदीच नाही असं नाही हं. 1984 ला दूरदर्शनवर 'हम लोग' आली, दीडशेच्या वर भाग, लिहिली मनोहर श्याम जोशींनी. एका हाताचं लेखन म्हणून त्यातला बाप बसेसरराम पहिल्यापासून शेवटपर्यंत बसेसरराम राहिला. पण ती काही रोज नव्हती. पुढे 'चार दिवस सासूचे' 2001 ते 2013 चालली, 3000 च्या वर भाग, एवढा डोंगर कुणी एकटं कसं लिहिणार? म्हणून तर वर ते एक डोकं लागतं, पण आपल्याकडे त्या खुर्चीत लेखकाऐवजी बऱ्याचदा मीटिंगच बसलेली असते.

प्रश्न: सगळं टीआरपीवरच ठरत असेल तर लेखक चांगला असला काय आणि नसला काय, काय फरक पडतो?
— एक वैतागलेला प्रेक्षक, परळ

उत्तर: वैताग कळतो. गुरुवारी टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे येतात आणि त्या दिवशी मी दुपारपर्यंत फोन उलटा ठेवायचे. आकडा पडला की शुक्रवारी ट्रॅक बदल, अपघात आण, कुणाला तरी गरोदर कर. आठवड्याला सहा भाग, प्रत्येकी बावीसेक मिनिटं, म्हणजे दर आठवड्याला एक अख्खा सिनेमा लिहायचा, आणि शूट झालेल्या भागांची बँक कधी चार तर कधी दोनच दिवसांची. 19 मार्च 2020 ला करोनामुळे शूटिंग थांबलं तेव्हा थोड्याच दिवसांत सगळीकडे जुने भाग लागले ते याच्यामुळे, गाठीशी काही नव्हतंच कुणाच्या.

पण फरक पडतो. 'आई कुठे काय करते' घ्या. मूळ बंगाली 'श्रीमोयी', त्यावरून मराठीत ही आणि हिंदीत 'अनुपमा'. एकच बाई, एकच नवरा, एकच फसवणूक. तरी अरुंधती गाण्याकडे गेली, अनुपमा नाचाकडे, आणि दोघींच्या स्वयंपाकघरातली भांडणंसुद्धा वेगळी वाटतात. चॅनेल आकडा मागतं तेव्हा चांगला लेखक अपघात देतो, पण त्या अपघातानंतर हॉस्पिटलच्या बाकावर कोण कुणाशेजारी बसणार नाही हे त्याला माहीत असतं. वाईट लेखक सगळ्यांना ओळीत उभं करून रडवतो.

प्रश्न: सिरीयलमध्ये कुणी ना कुणी दाराआडून ऐकत का असतं?
— इयत्ता नववी, गिरगाव

उत्तर: कारण नवीन लोकेशनला पैसे लागतात, दार सेटवर असतंच. अभ्यास कर.

प्रश्न: मी रुपारेलला शिकते, मला सिरीयल लिहायची आहे. आई म्हणते त्यात काय लिहायचं असतं. सुरुवात कुठून करू?
— टीवायची विद्यार्थिनी, माटुंगा

उत्तर: आईला यातलं काही दाखवू नकोस, ती म्हणेल बघ मी म्हटलं नव्हतं. कुणा चांगल्या पटकथाकाराकडे असिस्टंट म्हणून लाग, पैसे सुरुवातीला लोकलच्या पासापुरतेच मिळतील असं धरून चाल. तुझं काम असेल मीटिंगचे मुद्दे लिहिणं, भागांचे सारांश करणं आणि चहा सांगणं. सारांशाचं काम कंटाळवाणं आहे म्हणून सगळे ते टाळतात, तू मागून घे. कुणाची जाऊ कुठल्या गावची, कुणाला कुठल्या रंगाची साडी आवडत नाही, कोण कुणाला अहो म्हणायचं आणि कधीपासून अरे म्हणायला लागलं, सगळं टिपून ठेव. सहा महिन्यांत अशी वेळ येईल की मीटिंगमध्ये सगळे अडतील आणि तुझ्याकडे बघतील. मोबाइलमध्ये नको लिहूस, माझे दोन वर्षांचे नोट्स लोकलमध्ये फोन मारला त्याच्याबरोबर दादर ते माहीमच्या मधे कुठेतरी गेले. वही घे, दोनशे पानी, पुठ्ठ्याची.