पटायाच्या ग्रुप टूरमध्ये एक दिवस कोरल आयलंड, वॉटर स्पोर्ट्स आणि रात्री शो, वॉकिंग स्ट्रीट असा आहे. सोबत ६५ वर्षांची आई आहे. तिला त्या दिवशी हॉटेलवर ठेवावं का?

"हॉटेलवर ठेवावं का" हे वाचूनच डोकं सटकलं, म्हणून लिहितेय. नाही. अजिबात ठेवू नका.

आम्ही गेलो तेव्हा माझ्या सासूबाई सत्तरीला टेकल्या होत्या. भावजींचं मुंबई विमानतळापासूनच सुरू, "आईला झेपणार नाही, तिचे गुडघे बघा." गुडघे आईंचे, मग त्यांनाच विचारा ना! पण नाही.

धक्क्यावरून स्पीडबोट निघाली की बेटाच्या वाटेवर समुद्रातच एक तरंगता फलाट लागतो, पॅरासेलिंग (बोटीमागे पॅराशूटला लटकून उडणं) तिथून. उडायचं तिथूनच, उतरायचंही तिथेच. वाळूवर धावणं वगैरे काही नाही. पोरं पट्टे आवळतात, बोट सुटली की पाय आपोआप उचलले जातात आणि परत येताना तीच पोरं झेलतात. आईंनी पंजाबी ड्रेसवर लाइफ जॅकेट चढवलं आणि नंबर लावला. भावजी "मी फोटो काढतो" म्हणत रांगेतून बाहेर.

मग अंडर-सी वॉक, म्हणजे डोक्यावर हेल्मेट घालून समुद्राच्या तळाशी चालणं. त्याला पोहता यावं लागत नाही, चष्मासुद्धा काढावा लागत नाही. नळीनं वरून हवा येत राहते आणि हेल्मेट खालून उघडंच असतं. बादलीत उपडा पेला दाबला की आत पाणी शिरत नाही, तसं. उतरताना कानांना दडे बसतात, आवंढे गिळत राहायचं. आईंनी माशांना पाव भरवला. वर आल्यावर तक्रार एकच, हेल्मेट पाण्याबाहेर फार जड लागतं.

खरी गंमत संध्याकाळी. कॅबरे शो सगळ्यांनी मिळून पाहिला, छानच होता. (बाहेर कलाकारांबरोबर फोटो काढलात तर टिप द्यावी लागते, आधी विचारून घ्या.) बसमध्ये टूर मॅनेजर म्हणाला, "लेडीज आणि सीनियर सिटिझन्सना हॉटेलवर सोडतो, जेन्ट्सना वॉकिंग स्ट्रीट दाखवून आणतो." आई मागच्या सीटवरून म्हणाल्या, "आम्ही काय निम्मे पैसे भरलेत?"

बस हसली. भावजी सोडून.

हॉटेलवर उतरलो आणि आम्ही दोघी बीच रोडवरून बाट बसनं गेलो. ही म्हणजे मागे दोन बाकं टाकलेली पिकअप. भाडं विचारत बसायचं नाही, विचारलं की तो स्पेशल गाडीचा दर सांगतो. बसायचं, बेल दाबायची, उतरून ठरलेलं भाडं द्यायचं; आम्ही गेलो तेव्हा दहा बाट होतं. वॉकिंग स्ट्रीटवर संध्याकाळनंतर गाड्या बंद, त्यामुळे रमतगमत चालता येतं. निऑन, कानठळ्या, मुए थायचे (थाई बॉक्सिंगचे) बार, आणि दारात उभ्या मुली. आईंनी विचारलं, या कुठल्या गं? म्हटलं, बऱ्याचजणी इसानच्या, म्हणजे ईशान्य थायलंडच्या, भातशेतीच्या मुलखातल्या. घरी पैसे पाठवतात. पटाया आधी मासेमारीचं गाव, व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैनिक सुट्टीला येऊ लागले आणि मग हे सगळं उभं राहिलं. आई बराच वेळ गप्प होत्या. मग गाडीवरचा आंबा आणि चिकट भात खाल्ला. समोरून आमच्याच बसमधले, दिवसभर संस्कारांवर बोलणारे एक काका आले आणि आम्हाला पाहून घाईघाईनं मोबाइलमध्ये शिरले.

भावजी आजही प्रत्येक लग्नाकार्यात सांगतात, "वहिनी आईला कुठे घेऊन गेल्या!" गेल्या. आईंनीच चला म्हटलं होतं.

हां, सर्दी असेल, कानाचं दुखणं असेल, बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर पाण्याखाली नको, आधी डॉक्टरांना विचारा. विमा साहसी खेळांना लागू आहे का तेही बघा. जेट स्की भाड्यानं घेऊच नका, परत केल्यावर जुना ओरखडा दाखवून पैसे मागण्याचे प्रकार तिथे होतात. आणि स्पीडबोटीत आईला मागे बसवा, पुढची बाजू लाटांवर आपटते. आमचे भावजी हौसेनं पुढे बसले होते. कंबर त्यांची धरली, आईंची नाही.