पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका

एकतीस वर्षं मी एका महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसले. येणारं प्रत्येक पत्र उघडायचं, रजिस्टरला चढवायचं, शिक्का मारून क्रमांक आणि तारीख घालायची आणि ज्या खात्याचं त्या खात्याकडे पाठवायचं, हे माझं काम. कुठलं पत्र पुढे सरकतं आणि कुठलं गठ्ठ्यात पडून राहतं, हे मी रोज पाहिलं. तुमच्या पत्रांना मी उत्तरं देते ती त्याच टेबलावरून दिल्यासारखी.

काकू, पुण्यात नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकात कामं सुचवता येतात असं कळलं. आमच्या गल्लीच्या टोकाला अंधार असतो, आणि बसथांब्यापाशी म्हाताऱ्या माणसांना टेकायला जागा नाही. आम्ही अर्जात ‘आमच्या परिसराचा विकास व्हावा’ असं लिहून ठेवलंय. तेवढं पुरे होईल का?
— एक वाचक, कोथरूड

नाही ताई, पुरे होणार नाही. पण अर्ज देण्याआधी विचारलंत हे फार बरं केलंत.

पुणे महापालिकेने २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून हा उपक्रम सुरू केला. आपल्या प्रभागातलं लहानसं काम नागरिकाने सुचवायचं आणि ते एका कामाला पाच लाख रुपयांच्या आत बसलं पाहिजे, अशी त्याची मूळ आखणी. पदपथ, दिवे, बाकं, बसथांबे, स्वच्छतागृहाची दुरुस्ती अशी कामं यात चालतात. उड्डाणपूल चालत नाही. अर्ज साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात मागवतात. ते क्षेत्रीय कार्यालयात जमा होतात, अभियंते जागा पाहून खर्च काढतात, यादी प्रभाग समितीपुढे जाते, आणि मंजूर झालेली कामं पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात येतात. आयुक्त ते अंदाजपत्रक वर्षाच्या सुरुवातीला स्थायी समितीपुढे मांडतात आणि १ एप्रिलपासून ते लागू होतं. म्हणून मार्चमध्ये मागणी घेऊन गेलात तर पंगत उठलेली असते. जे काही करायचं ते आत्ता, गणपती-नवरात्राच्या दिवसांत.

आता तुमच्या वाक्याकडे येते. अर्ज ज्याच्या हातात पडणार त्या कनिष्ठ अभियंत्याच्या जागी बसून बघा. ‘विकास’ या शब्दाचा खर्च त्याला काढता येत नाही. एका खांबाचा येतो, एका बाकाचा येतो.

मला एक सेवानिवृत्त शिक्षक आठवतात. कॅलेंडरच्या पानामागे त्यांनी आपल्या गल्लीचा नकाशा काढून आणला होता, शिसपेन्सिलीने. पिठाची गिरणी, किराणा दुकान, वळणावरचं पिंपळाचं झाड आणि दिव्याचे सगळे खांब. खांबांवर नंबर रंगवलेला असतो, तो त्यांनी प्रत्येक खांबापुढे लिहिला होता. दोन खांबांच्या मधोमध लाल फुली, आणि फुलीपाशी दोन ओळी: ‘या दोन खांबांत अंतर ६२ पावलं. शिकवणीच्या मुली सात वाजता इथून जातात.’ साहेबांनी ते पान हातात घेतलं, पुन्हा वाचलं आणि विद्युत विभागाच्या माणसाला तिथल्या तिथे बोलावून घेतलं. त्या गल्लीत खांब बसला. मी पुढे कित्येक जणांना ते कॅलेंडरचं पान सांगितलं.

तुम्हीही तसंच करा. एका कामाला एक अर्ज. दिव्याचा वेगळा, बाकाचा वेगळा, कारण दोन्ही खाती वेगळी आहेत आणि एकत्र लिहिलेला अर्ज दोघांपैकी कुणीच आपला मानत नाही. खांबांचे नंबर लिहा, जवळच्या दुकानाची खूण द्या, मोबाइलवर काढलेले दोन फोटो जोडा, एक दिवसा आणि एक रात्री. त्याआधी एक गोष्ट खात्री करून घ्या: गल्ली महापालिकेच्या ताब्यात आहे की सोसायटीची खासगी? खासगी रस्त्यावर महापालिका सहसा पैसा घालत नाही, आणि पुष्कळ अर्ज एवढ्याच कारणाने बाद होतात. बाकाच्या अर्जात थांब्याचं नाव नीट लिहा. बसथांबा पीएमपीएमएलच्या, म्हणजे शहराची बससेवा चालवणाऱ्या कंपनीच्या अखत्यारीत येतो, म्हणून बाक पदपथावर कुठे बसवता येईल आणि बाक ठेवूनही चालायला किती जागा उरते, ते मोजून द्या. घरातली शिवणकामाची टेप चालेल.

आणि ताई, अर्ज दोन प्रतींत न्या. एक त्यांच्याकडे द्या, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. आमच्याकडे एक गृहस्थ तीन वर्षं येत होते. दर पावसाळ्यात घरात पाणी शिरायचं. प्रत्येक साहेबाला भेटायचे, प्रत्येक साहेब ‘बघतो’ म्हणायचे, आणि साहेब बदलून जायचे. चौथ्या वर्षी नवीन साहेबांनी विचारलं, ‘यांचं जुनं पत्र काढा.’ मी तीन वर्षांची रजिस्टरं चाळली. एकही पत्र नव्हतं. त्या माणसाचा चेहरा मला अजून दिसतो. मी त्याला पहिल्या दिवशीच लिहून द्यायला सांगायला हवं होतं, आणि मी सांगितलं नव्हतं.

कचरा न्यायला येणाऱ्या ताई दरमहा पैसे मागतात. आम्ही मिळकतकर भरतो, मग हे पैसे वेगळे कशासाठी?
— पुण्यातील एका सोसायटीचे सचिव

कारण तोच त्या ताईंचा पगार आहे. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना बांधली. डॉ. बाबा आढाव यांचं तिला पाठबळ होतं. पुढे त्याच बायकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला. या पद्धतीत घराघरातून मिळणारं शुल्क थेट त्या ताईच्या हातात जातं. सुक्या कचऱ्यातलं भंगार विकून वर थोडं सुटतं. समजा, चाळीस घरांपैकी दहा घरांनी पैसे थकवले, तर तिच्या घरातलं तेवढं धान्य कमी होतं. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतही घराघराने वापर शुल्क द्यायचं, असं म्हटलं होतं.

सचिवसाहेब, पैशांइतकंच महत्त्वाचं दुसरं काम तुमच्या हातात आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा झाला तरी सॅनिटरी पॅड आणि डायपर अजून कितीतरी घरांतून सुक्याच्या डब्यात येतात. ते वर्गीकरण या ताई हाताने करतात. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, एवढंच करायचं असतं. पुण्यात या लाल ठिपक्याची मोहीम झाली होती. तुमच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत या ताईंनाच पाच मिनिटं बोलायला बोलवा. खुर्ची द्या, चहा द्या आणि त्यांचं ऐका. नोटीस बोर्डावरच्या पत्रकाने होत नाही ते त्याने होतं.

मुंबईत गल्लीतल्या लोकांनी मिळून एएलएम काढता येतं म्हणतात. ते नेमकं काय असतं?
— एक वाचक, मुलुंड

एएलएम म्हणजे ‘अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट’. एका गल्लीतल्या, एका रस्त्यावरच्या रहिवाशांनी एकत्र येऊन आपल्या भागाची जबाबदारी घ्यायची आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयाकडे आपल्या गटाची नोंद करायची. तुमच्या जवळच्या घाटकोपरमधली जोशी लेन ही याची सुरुवात मानली जाते, गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांतली. कचरा घरातच वेगळा करायचा, ओल्याचं खत तिथेच करायचं, यातून ते सुरू झालं आणि पुढे महापालिकेने ते शहरभर राबवलं.

सुरुवातीला चाळीस जणांचा व्हॉट्सअ‍ॅप गट करू नका. रोज सकाळी खरोखर खाली उतरणारे पाच जण शोधा. त्यांत एक तरी गृहिणी हवी, एक तरी दुकानदार हवा, आणि इमारतींचे सफाई कामगार पहिल्या बैठकीपासून हवेत. मगच विभाग कार्यालयातल्या घनकचरा खात्याला भेटा. आणि पहिलं काम एकच निवडा, महिन्याभरात सगळ्यांच्या डोळ्यांना दिसेल असं.

शेजाऱ्यांच्या आंब्याच्या फांद्या आमच्या गच्चीवर आल्या आहेत. आम्ही आमच्या बाजूने तोडल्या तर चालेल का?
— एक वाचक, नाशिक

परवानगीशिवाय नाही. झाडांच्या संरक्षणाचा आपल्या राज्याचा कायदा १९७५ चा आहे आणि तो खासगी आवारातल्या झाडालाही लागू आहे. महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा, फोटो जोडा, फांदी कुठे टेकते ते दाखवा. ते येऊन पाहतील आणि किती छाटायचं ते सांगतील. अर्ज देण्याआधी शेजाऱ्यांकडे एकदा जा. झाड त्यांच्या आवारात आहे, त्यांची सही अर्जावर असली की काम सोपं होतं. पन्नास वर्षांहून जुनं झाड असेल तर त्याचं वय नक्की लिहा, कारण २०२१ च्या दुरुस्तीनंतर अशा झाडांना वारसा वृक्ष मानतात. आणि फांदीवर घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबा, एवढी माझी विनंती.

दिलेल्या अर्जाचं काय झालं, हे कसं शोधायचं?
— बऱ्याच वाचकांचा प्रश्न

आवक क्रमांक घेऊन आधी त्या खात्यात जा. नुसतं नाव सांगून फाइल सापडत नाही, क्रमांकाने सापडते. राज्य सरकारने २०१८ मध्ये परिपत्रक काढून दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहायला द्यावेत, असं जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना आणि स्थानिक संस्थांना सांगितलं आहे. पुण्यात ही सोय त्याच्याही आधीपासून होती. त्या दोन तासांत फाइल समोर घेऊन बसता येतं. टिपणीचं पान जरूर वाचा, डावीकडचं. कुणी कधी काय शेरा मारला ते तिथेच असतं, आणि काम कुठल्या टेबलावर अडकलंय ते पाच मिनिटांत कळतं.

तेवढ्याने भागलं नाही तर माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने अर्ज, तीस दिवसांत उत्तर. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही दीडशे शब्दांत. ‘माझं काम का केलं नाही’ असं विचारू नका. ‘अमुक क्रमांकाच्या पत्रावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी’ असं मागा. कारण कायद्याने कागद मागता येतो, खुलासा नाही. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर तीस दिवसांत पहिलं अपील करा, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो.

मी चार घरची धुणी-भांडी करते. हे पत्र मुलगीच लिहिते आहे. तिला दहावीला ८४ टक्के पडले. महापालिकेकडून मुलांना पैसे मिळतात असं मालकीणबाई म्हणाल्या. आमच्यासारख्यांना मिळतात का?
— एक आई, पर्वती

मिळतात हो ताई. पत्र लिहिणाऱ्या लेकीचं आधी अभिनंदन, आणि तुमचंही.

पुणे महापालिकेची दहावी झालेल्या मुलांसाठी भारतरत्न मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाने अर्थसहाय्य योजना आहे, १५,००० रुपयांची. बारावीनंतरची लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या नावाने आहे, २५,००० रुपयांची. खुल्या गटाला ८० टक्क्यांची अट, तर मागासवर्गीय, महापालिका शाळेतली आणि रात्रशाळेतली मुलं यांना ७० टक्क्यांची. ८४ टक्के म्हणजे तुमची लेक कुठल्याही गटातून बसते. अट एवढीच की घर महापालिकेच्या हद्दीत हवं आणि तिने पुढच्या वर्गात प्रवेश घेतलेला हवा. काम समाज विकास विभाग पाहतो आणि अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. यंदाच्या जाहिरातीतली शेवटची तारीख मुलीला वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगा.

माझ्या टेबलावर अशा अर्जांत सर्वांत जास्त अडायचं ते नावावर. गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरं, रेशन कार्डावर आईचं माहेरचं. तिन्ही कागद आज रात्री शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर जुळवा. एक वेलांटी वेगळी असली तरी आत्ताच दुरुस्त करून घ्या, त्याला दिवस लागतात. बँकेचं खातं मुलीच्या नावाचं आणि चालू असलेलं हवं. शाळेने काढलेलं जुनं खातं असेल तर पासबुक घेऊन बँकेत जा आणि त्यात शंभर रुपये भरून बघा. पावती आली म्हणजे खातं जिवंत आहे.

सायबर कॅफेवाल्याने फॉर्म भरून दिला तर शेवटी जो अर्ज क्रमांक येतो, त्याचा छापील कागद मागून घ्या. लेकीला सांगा, तो कागद गुणपत्रिकेच्या पिशवीत ठेव. आणि तुम्हाला कुठे अडलं तर मासिकाच्या पत्त्यावर मला लिहा. मी उत्तर देईन, पुढच्या अंकाची वाट न बघता.