अमेरिकेत शिकारीसाठी शेतकऱ्याला पैसे का देतात? सरकारी जमीन खुली नसते का?

खुली असते, पण आधी ती सापडायला हवी. मी कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात राहतो. इथली जवळजवळ सगळी जमीन खासगी आहे, सरकारी म्हणावी अशी दोन-तीन टक्केच. बंदूक आणि परवाना हातात आला तरी जायचं कुठे, हा प्रश्न उरतोच.

एक गैरसमज आधी काढतो. शेतकरी जनावर विकत नाही, त्याला ते विकताच येत नाही. हरीण त्याच्या शेतात चरत असलं तरी त्यावर हक्क राज्याचा. हंगाम कधी, किती मारायचे, परवाना कुणाला, हे सगळं राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं. शेतकऱ्याच्या हातात फक्त त्याचा बांध असतो, आणि पैसे मोजतात ते बांध ओलांडायचे.

मी मूळचा अमरावतीकडचा. रोही आणि रानडुकरं एका रात्रीत तुरीचं काय करतात ते बघत मोठा झालो. तिथेही जनावर सरकारचं आणि पीक आपलं, फक्त नुकसान झालं की भरपाईचा अर्ज घेऊन फिरायचं. त्यामुळे इथला शेतकरी हरणांच्या शिकारीचे पैसे घेतो याचं मला काही वाटत नाही. हरणं मका-सोयाबीन त्याचंच खातात.

अडचण वेगळीच आहे. पूर्वी शेतकऱ्याचं दार वाजवायचं, दोन शब्द बोलायचे आणि रानात शिरायचं, अशी रीत होती. आता मोठ्या शिंगांच्या हरणासाठी बाहेरच्या राज्यांतून लोक येतात आणि अख्खं रान हंगामभर भाड्याने घेतात. याला इथे लीज म्हणतात. टेक्ससमध्ये तर हाच सर्रास मार्ग आहे. ज्याचा काका-मामा शेतकरी नाही आणि खिसाही बेताचा, तो बाहेर राहतो. मी तसाच.

मला आत घेतलं ते राज्याच्या 'वॉक-इन' योजनेने. ही योजना १९९५ मध्ये सुरू झाली. खातं शेतकऱ्याकडून शिकारीचा हक्क भाड्याने घेतं, कडेला पाट्या लावतं आणि परवाना असलेल्या कुणालाही ते रान खुलं होतं. परवानगी मागायची गरज नाही, मात्र गाडी बाहेर ठेवून पायीच जायचं. असं रान आज दहा लाख एकरांहून जास्त आहे. पैसा येतो परवान्यांच्या फीमधून आणि बंदुका-काडतुसांवरच्या केंद्रीय करातून, म्हणजे शेवटी शिकाऱ्याच्याच खिशातून.

फेजंट म्हणजे कोंबडीएवढं, लांब शेपटीचं रानपाखरू. त्याचा हंगाम नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी सुरू होतो. पहिल्या वर्षी हेज नावाच्या गावाच्या बाजूला गेलो होतो. समोर ज्वारीची धसकटं! इथे तिला मायलो म्हणतात, पण पोटरीला लागते ती अगदी घरच्यासारखीच. पलीकडे छातीइतकं गवत. शेत पडीक ठेवून गवत राखल्याबद्दल केंद्र सरकार शेतकऱ्याला पैसे देतं, पाखरं तिथेच दडतात. पायाजवळून फडफडाट करत एक उठलं आणि मी बंदूक खांद्याला लावेपर्यंत ती मादी निघाली. मादी मारायची नाही, नर दिवसाला चारच. दिवसभरात मिळाला एक. खरं सांगायचं तर वॉक-इन रान पहिल्या दोन दिवसांतच तुडवून होतं, शहाणी पाखरं लीजच्या रानात जाऊन बसतात.

पश्चिमेला मात्र उलटा प्रकार. वायोमिंगमध्ये सरकारी जमीन भरपूर, पण रेल्वेला दिलेल्या जुन्या जमिनींमुळे बुद्धिबळाच्या पटासारखी वाटलेली, एक चौकोन सरकारी, एक खासगी. २०२१ मध्ये चार शिकारी शिडी लावून एका सरकारी चौकोनाच्या कोपऱ्यावरून दुसऱ्यात उतरले. खासगी मातीला पायही लावला नाही, तरी जमीनमालक कोर्टात गेला. २०२५ मध्ये अपील कोर्टाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. तुमच्या 'सरकारी जमीन खुली नसते का'चं निम्मं उत्तर या शिडीत आहे.

व्हिसावर असलेल्यांसाठी एक सूचना: एच-वन-बीसारख्या व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे, राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर सूट मिळते. म्हणजे आधी परवाना, मग बंदूक. आणि कॅन्ससमध्ये कुंपणाच्या खांबावर जांभळा रंग दिसला तर लेखी परवानगीशिवाय आत पाऊल टाकू नका.

दार वाजवायची रीत अगदीच गेली नाही म्हणा. गेल्या वर्षी वॉक-इन रानाला लागून असलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला धीर करून विचारलं. म्हणाला, हरणं लीजवर दिलीत, डिसेंबरात ते लोक येतील, तोवर पाखरांमागे खुशाल फिर, फाटक तेवढं लावत जा. पैसे विचारले तर हात झटकला. दिवाळीच्या चकल्यांचा डबा मात्र ठेवून घेतला.