आभार मानावेत, मागू नयेत

सत्राचे शेवटचे तीन आठवडे उरले की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी शिस्त, गुण आणि पालकसभा यांविषयी विचारणारे वाचक तेव्हा थकव्याविषयी विचारू लागतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार निवडली आहेत. जिथे संशोधनाचा आधार आहे तिथे तो दिला आहे. बाकीचे माझ्या मुख्याध्यापकपदाच्या वर्षांतले अनुभव आहेत आणि त्यांतले काही फारसे अभिमानास्पद नाहीत.

प्रश्न : मी नुकताच मुख्याध्यापक झालो आहे. सुट्टी लागण्यापूर्वी शाळेत कृतज्ञता सप्ताह घ्यावा आणि प्रत्येक शिक्षकाने व विद्यार्थ्याने रोज तीन गोष्टींबद्दल आभार लिहावेत, असे माझ्या मनात आहे. ही कल्पना बैठकीत मांडली तेव्हा ज्येष्ठ शिक्षकांनी एकमेकांकडे पाहिले, पण कोणी काहीच बोलले नाही. त्यांचा उत्साह कसा वाढवावा? – एक मुख्याध्यापक

उत्तर : त्या शांततेचा अर्थ मला ठाऊक आहे, कारण ती माझ्याही वाट्याला आली आहे. मुख्याध्यापिका म्हणून माझ्या दुसऱ्याच वर्षी मी शिक्षककक्षात एक मोठा फलक लावला, शेजारी रंगीत कार्डांचा गठ्ठा ठेवला आणि प्रत्येकाने रोज एक कार्ड लिहून लावावे अशी सूचना काढली. उत्तरपत्रिका तपासणे, निकालपत्रके भरणे आणि वार्षिक कार्यक्रमाची तयारी ही सगळी कामे त्याच दिवसांत चालू होती. चौथ्या दिवशी फलकावर एक कार्ड दिसले : ‘शनिवारची बैठक रद्द झाली, त्याबद्दल मनापासून आभार.’ बैठक रद्द झालेली नव्हती. मला आधी राग आला. मग ते कार्ड पुन्हा एकदा वाचले आणि बैठक रद्द केली. त्या वर्षी फलकावर लागलेल्या सगळ्या कार्डांत प्रामाणिक असे ते एकच होते.

कृतज्ञतेचा परिणाम होत नाही, असे मी मुळीच म्हणत नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककला या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका गटाने आठवड्यातून एकदा, दहा आठवडे, आयुष्यात ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाच गोष्टींपर्यंत नोंदी केल्या, तर दुसऱ्या गटाने त्रासदायक गोष्टींच्या नोंदी केल्या. पहिल्या गटाला आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधान वाटले आणि येणाऱ्या आठवड्याविषयी अधिक आशा वाटली. परंतु सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा आठवड्यांचा जो प्रयोग केला, त्यात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना लाभ झाला आणि तीनदा लिहिणाऱ्यांना तो झाला नाही. रोजच्या रोज, तेही सक्तीने लिहायला लावलेल्या गोष्टीचा गृहपाठ होतो आणि गृहपाठ कसा उरकला जातो हे तुम्हांआम्हांला कोणी सांगायला नको.

याहून महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात कामामुळे येणाऱ्या पराकोटीच्या थकव्याला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या ज्या दीर्घकालीन ताणाचे नीट नियोजन झालेले नाही त्यातून उद्भवणारी अवस्था, अशी त्याची व्याख्या केली आहे. म्हणजे त्याचे मूळ वेळापत्रकात आहे, नोंदींच्या ढिगाऱ्यात आहे, रात्री दहा वाजता शिक्षकांच्या गटावर पडणाऱ्या सूचनांत आहे. ज्याच्या हाती वेळापत्रक आहे त्याने ते तसेच ठेवून शिक्षकांकडे कृतज्ञता मागितली, तर त्यांना ती थट्टा वाटते आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

म्हणून प्रश्न उलटा करून पाहा. त्यांचा उत्साह वाढवण्याआधी तुम्ही स्वतः कोणाचे आभार मानले आहेत? अ‍ॅडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जिनो यांच्या 2010 मधील एका प्रयोगात, विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी काहींना त्यांच्या विभागप्रमुखांनी प्रत्यक्ष भेटून, त्यांच्या मेहनतीबद्दल दोन वाक्यांत आभार मानले. त्यांनी पुढच्या आठवड्यात केलेल्या फोनची संख्या निम्म्याहून अधिक वाढली. वाढलेल्या कामाचा मोह मात्र मनात ठेवू नका. तो हेतू असेल तर लोकांना तो पहिल्या वाक्यातच कळतो. ‘कृतज्ञ’ या शब्दाचा अर्थच ‘केलेले जाणणारा’ असा आहे. जे केले ते नेमके काय, हे ठाऊक नसेल तर आभार पोकळ राहतात. ‘आपण सर्वांनी उत्तम काम केले’ या वाक्याने कोणाचेही समाधान होत नाही. ‘पाचवीच्या त्या मुलाला वाचता यावे म्हणून तुम्ही दोन महिने आपला ऑफ तास दिला, हे मी पाहिले आहे’ हे वाक्य मात्र लक्षात राहते.

हल्ली मी सुट्टीपूर्वी प्रत्येक सहकाऱ्याला हाताने चार ओळी लिहिते, त्यांत शिपाई आणि सफाई कर्मचारीही आले. सुरुवातीला मला फार अवघडल्यासारखे व्हायचे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2018 मध्ये दाखवून दिले आहे की आभाराचे पत्र लिहिणारा, समोरच्याला किती अवघडल्यासारखे होईल याचा अंदाज वाजवीपेक्षा जास्त करतो आणि त्याला किती आनंद होईल याचा अंदाज कमी करतो. माझा अनुभव तंतोतंत तसाच आहे. ज्यांच्यासाठी चार ओळी सुचत नाहीत त्यांच्या कामाकडे आपण वर्षभर पाहिलेच नाही, हेही या निमित्ताने कळते. पहिल्या वर्षी अशी सात नावे निघाली आणि मला स्वतःची लाज वाटली.

सप्ताह जरूर घ्या, पण त्या आठवड्यात बैठका, नोंदी किंवा अहवाल यांपैकी काहीतरी खरोखर कमी करा, आणि लिहिणे ऐच्छिक ठेवा.

प्रश्न : बाई, सुट्टी लागली की पहिल्या दोन दिवसांतच मी आजारी पडते. त्यानंतरचा आठवडा राहिलेल्या कामाच्या विचारात जातो. शाळा सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत सुट्टी झाली होती हेच आठवत नाही. माझ्यातच काही दोष आहे का? – एक वर्गशिक्षिका

उत्तर : दोष नाही. ताण संपताच आजारी पडणाऱ्या लोकांचे वर्णन नेदरलँड्समधील संशोधक अ‍ॅड फिंगरहूट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये केले होते. मीही कित्येक वर्षे सुट्टीचा पहिला दिवस सर्दी-तापात काढला आहे. त्यामागचे कारण निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. पण शेवटच्या आठवड्यात झोप कमी करून काम उरकण्याची आपली सवय त्याला हातभार लावत असावी, असा माझा तर्क आहे. आजारपण दर वेळी येत असेल आणि लांबत असेल तर डॉक्टरांना मात्र अवश्य दाखवा.

सुट्टीचा परिणाम लवकर ओसरतो हेही खरे आहे आणि ते नेमके शिक्षकांच्याच बाबतीत तपासले गेले आहे. याना क्यूनेल आणि सबिने झोनेनटाग यांनी 131 शिक्षकांना सुट्टीपूर्वी एकदा आणि सुट्टीनंतर तीनदा प्रश्नावली दिली. सुट्टीने कामातला उत्साह वाढला होता आणि थकवा कमी झाला होता, पण महिन्याभरात दोन्ही पूर्वपदावर आले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातला पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो : परतल्यावर कामाचा बोजा जितका जास्त, तितका हा परिणाम लवकर ओसरला, आणि शाळा सुरू झाल्यानंतरही ज्यांना फावल्या वेळात खरा विसावा मिळाला त्यांच्यात तो अधिक काळ टिकला. हे वाचल्यापासून मी शाळा उघडल्यावरच्या पहिल्या आठवड्यात एकही तपासणी, बैठक किंवा अहवाल ठेवत नाही. तुमच्या मुख्याध्यापकांना हे दाखवण्यास माझी हरकत नाही.

राहिलेल्या कामाचे विचार ही वेगळी गोष्ट आहे. अपुरे काम मनात घोळत राहते; परंतु ते कधी आणि कसे करायचे हे ठरवून ठेवले तरी, काम पूर्ण झालेले नसतानाही, मन त्याचा पाठपुरावा सोडते, असे मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या 2011 मधील प्रयोगांत आढळले. म्हणून शेवटच्या दिवशी घाईने निघू नका. अर्धा तास बसून राहिलेले प्रत्येक काम कागदावर लिहा, त्यापुढे ते करण्याची तारीख घाला आणि कागद टेबलाच्या खणात ठेवून खणाला कुलूप लावा. कागद घरी आणू नये. मी एकदा आणला होता.

झोनेनटाग आणि शार्लोटे फ्रित्स यांनी 2007 मध्ये विश्रांतीचे चार घटक सांगितले : कामापासून मनाने दूर होणे, विसावा घेणे, कामाशी संबंध नसलेले काही नवे शिकणे आणि आपल्या वेळेवर आपला ताबा असणे. शिक्षक पहिल्या दोहोंची काळजी करतात आणि चौथ्याचा बळी देतात. पाहुणे, प्रवास, घरातली तुंबलेली कामे यांत सुट्टीचा प्रत्येक दिवस आधीच दुसऱ्या कोणीतरी वाटून घेतलेला असतो. ‘सुट्टी’ या शब्दाचे नाते ‘सुटणे’शी आहे, एका वेळापत्रकातून सुटून दुसऱ्यात अडकणे म्हणजे सुट्टी नव्हे. निदान दोन दिवस असे ठेवा, ज्यांचे काय करायचे हे त्या सकाळपर्यंत कोणालाही, तुम्हांलासुद्धा, ठाऊक नसेल. आणि पहिले काही दिवस वाया गेले म्हणून हळहळू नका : येसिका द ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी 23 दिवसांच्या सुट्ट्यांचा अभ्यास केला तेव्हा लोकांना सर्वांत बरे वाटण्याचा दिवस आठवा होता.

प्रश्न : माझ्या मुलाला सुट्टीत अभ्यास दिलेला नाही. इतक्या दिवसांत तो सगळे विसरणार नाही का? – एक पालक

उत्तर : थोडे विसरेल. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा दीर्घ सुट्टीनंतर मुले साधारण महिन्याभराच्या शिक्षणाइतकी मागे गेलेली दिसली, आणि ही घट वाचनापेक्षा गणितात अधिक होती. अलीकडच्या काही अभ्यासांत मात्र ती इतकी ठळक दिसलेली नाही. तो अभ्यास दोन-तीन महिन्यांच्या सुट्टीचा होता. दोन आठवड्यांसाठी वह्या भरून घेण्याची गरज नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेतील 31 वे कलम मुलांना विश्रांतीचा आणि खेळाचा हक्क देते. त्याच्या हाती आवडते पुस्तक द्या आणि त्याला थोडा कंटाळा येऊ द्या.

प्रश्न : माझ्या वर्गातली एक मुलगी सुट्टी जवळ आली की गप्प होते. बाकीची मुले दिवस मोजत असतात आणि ही शाळा सुटल्यावरही वर्गात रेंगाळते. ‘सुट्टीबद्दल तुला काय आवडते?’ असे विचारले तेव्हा तिने उत्तर दिले नाही. काय करावे? – एक शिक्षक

उत्तर : तुमच्या लक्षात आले, हेच आधी महत्त्वाचे आहे. आपण मोठी माणसे सुट्टी म्हणजे आनंद असे गृहीत धरून बोलतो, पण काही मुलांसाठी शाळा हीच दिवसातली निश्चिंत जागा असते. घरी भांडणे असतील, कोणी आजारी असेल, वर्षभरात घरातले कोणी गेले असेल, किंवा दिवसभर एकटे राहावे लागत असेल. याहून गंभीर काही असण्याची शक्यताही मनातून काढून टाकू नका. आपले निरीक्षण तारखेसह लिहून ठेवा आणि सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवसाची वाट न पाहता आजच मुख्याध्यापकांशी आणि शाळेत समुपदेशक असतील तर त्यांच्याशी बोला. मुलीची उलटतपासणी घेऊ नका. ती बोलली तर ऐका, आणि ‘हे मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नका, कारण ते कदाचित पाळता येणार नाही.

वर्गात सर्वांसमोर आनंदाची किंवा कृतज्ञतेची हजेरी घेणे टाळा. ‘आईवडिलांनी तुमच्यासाठी काय काय केले ते सांगा’ हा उपक्रम तीस मुलांसाठी गोड असतो आणि दोघांसाठी शिक्षा. तिला एखादे छोटे काम सोपवा, जे सुट्टीनंतर तिनेच येऊन पुढे न्यायचे आहे : वर्गातल्या पुस्तकांची यादी अर्धी करून ठेवणे, एखादे चित्र अपुरे ठेवणे. आपली कोणीतरी वाट पाहणार आहे, हे तिला उपदेशावाचून कळते.

शाळा उघडल्यावर ‘मी सुट्टी कशी घालवली’ हा निबंध देऊ नका. मी तो कित्येक वर्षे दिला. मग एका वर्षी एका मुलाच्या वहीत प्रवासाचे सुंदर वर्णन वाचले आणि ते शेजारच्या मुलाच्या वहीतून उतरवलेले निघाले. त्याला कॉपी केल्याबद्दल मी सर्वांसमोर रागावले. तो सुट्टीभर कोठेही गेला नव्हता, हे मला नंतर कळले. पुढच्या सत्रापासून मी विषय बदलला : सुट्टीत नीट पाहिलेली कोणतीही एक वस्तू. त्याच मुलाने घराच्या कुलपावर दोन पाने लिहिली. ते सकाळी बाहेरून कसे लावले जाते, किल्ली फिरताना आत कसा आवाज येतो आणि संध्याकाळी तोच आवाज किती वेगळा वाटतो, हे सगळे त्यात होते. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या आईला शाळेत बोलावून घेतले.