डोंबिवलीतला जुना वन बीएचके सहा लाखांत नव्यासारखा करायचाय, सुरुवात कुठून करू?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी परत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. डोंबिवली पूर्व, १९८९ ची इमारत, ४८० चौरस फूट कार्पेट. माणसं पाच, त्यांत आई-वडील आणि पहिलीतली मुलगी. खाली मोझेक, हॉलच्या एका भिंतीला ओल. करायचंय ते फॉल्स सीलिंग, चकचकीत टाइल्स आणि टीव्हीमागे पॅनेल.

मी आर्किटेक्ट नाही. पण २०१९ मध्ये मुलुंडला जवळपास एवढ्याच घराचं काम काढलं होतं आणि तुमच्या यादीतल्या तिन्ही गोष्टी केल्या होत्या. घर अगदी मासिकातल्या फोटोसारखं दिसायचं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत.

पाऊस लागला आणि लक्षात आलं, कपडे वाळत घालायला जागाच ठेवलेली नाही. आधी बाल्कनीत वलणी होती, ती बाल्कनी आम्ही हौसेनं हॉलात घेतली होती. मग एसीच्या पाइपापासून खिडकीच्या ग्रिलपर्यंत नायलॉनची दोरी बांधली. लेकाचा युनिफॉर्म, टॉवेल, आईची पातळं, सगळं नव्या पॅनेलसमोर टपटपायला लागलं. पंधरा दिवसांत पॅनेलच्या खालच्या कडेचं व्हेनियर (वरचा पातळ लाकडी थर) फुगलं, बोट दाबलं की आत जायचं. अठ्ठेचाळीस हजारांचं पॅनेल आणि त्याच्या डोक्यावर ओले पायमोजे. बायको एवढंच म्हणाली, "छान दिसतंय हो."

तेव्हापासून कुणीही विचारलं की मी सांगतो, आधी पसारा मोजा. कंत्राटदाराला बोलवायच्या आधी एक वही घ्या, आठ दिवस रात्री साडेनऊला घरातून फेरी मारा आणि कुठली वस्तू कुठे पडलीय तेवढं लिहा. आवरू नका, फक्त लिहा. आम्ही हे काम झाल्यावर केलं, म्हणजे उशिराच. आमच्या वहीत निघालं ते असं: खुर्चीवर तीन दिवस तीच जीन्स (धुवायला टाकण्याइतकी मळलेली नाही, कपाटात ठेवण्याइतकी स्वच्छ नाही). फ्रिजवर बाबांच्या औषधांचा डबा. दारामागे चार छत्र्या. पलंगाच्या कडेला इस्त्रीचं गाठोडं. पाहुण्यांच्या गाद्या कपाटावर, आणि त्या दिसू नयेत म्हणून त्यांच्यावर चादर. यातल्या एकाही वस्तूसाठी आमच्या इंटिरियरवाल्याच्या चित्रात जागा नव्हती. त्याच्या चित्रात एक फुलदाणी होती.

तुमच्या वहीतली यादी हेच तुमचं डिझाइन समजा. दाराशी १२-१४ इंच खोलीचं चपलांचं कपाट, छत्र्यांना खाली ट्रे. 'अर्धवट' कपड्यांसाठी दाराआड चार खुंट्या. कपडे वाळवायला छताला दोरी-पुलीच्या दांड्या, बेडरूमच्या खिडकीजवळ, आणि त्यांच्यावर झोत येईल असा एक भिंतीवरचा पंखा. एवढ्यानं आमचा पावसाळा सुधारला.

हे झालं, पण एक प्रश्न त्याहून आधीचा आहे आणि तुमचं घर पस्तीस वर्षांहून जुनं असल्यानं तो टाळता येणार नाही. इमारत पुनर्विकासाला जाणार आहे का? सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत चर्चा चालू असेल, तर भिंतीत आणि जमिनीत पैसे पुरू नका. ते डेब्रिजच्या ट्रकमधून जाणार. अशा वेळी सहातले दोन लाख दुरुस्तीला आणि बाकीचे उचलून नेता येईल अशा सुट्या फर्निचरला. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी व्हायला हवं. कमिटीकडून शेवटचा अहवाल मागून घ्या आणि खरंच वाचा. आमच्याकडे तो सेक्रेटरींच्या कपाटात पाकीटबंद होता.

आता ओल. तिच्यावर रंग मारायचा नाही, पॅनेल तर अजिबात लावायचं नाही. आत ती वाढतच राहते आणि कळते तेव्हा प्लायला वाळवी लागलेली असते. पेन्सिलीनं ओलीच्या कडेनं रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. दर आठवड्याला नवी रेघ. पावसातच वाढत असेल आणि दिवाळीनंतर सुकत असेल, तर बाहेरच्या भिंतीला तडे आहेत. ते काम सोसायटीच्या खर्चात येतं, लेखी अर्ज द्या. बारा महिने तशीच असेल, तर वरच्यांचं बाथरूम, नाहीतर भिंतीतला तुमचाच पाइप. बाथरूमचा संशय असेल तर तिथलं पाणी जायचं तोंड बुजवून चोवीस तास पाणी साठवून बघतात, त्यात बहुतेक चोर सापडतो. आमच्याकडे चोर वरचे नव्हतेच, आमचाच गीझरचा पाइप होता. वरच्या काकांशी त्यावरून दोन महिने बोलणं बंद होतं, ते वेगळंच.

मोझेक फोडू नका, ही मात्र हात जोडून विनंती. मी फोडला. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी पॉलिश केला. त्यांचं काम चालू असताना बघायला गेलो होतो: मशीनला आधी खरखरीत दगड, मग बारीक, मग त्याहून बारीक, मध्ये पाणी, आणि घरभर राखाडी चिखल. तो चिखल रबरी फळीनं बाजूला ओढला आणि खालून तांबडे, काळे, पिवळसर दगडांचे तुकडे असे वर आले की मी आमच्या चकचकीत टाइल्सचा विषयच काढला नाही. खड्डे पडलेत तिथे पांढऱ्या सिमेंटमध्ये रंग मिसळून भरून देतात. कंत्राटदार म्हणेल, मोझेकवरच टाइल चिकटवून देतो. पण मग जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते, दारं खालून तासावी लागतात आणि ओटा तेवढाच बुटका होतो. शिवाय चकचकीत टाइलवर सांडलेलं पाणी दिसत नाही, आणि घरात वयस्कर माणसं आहेत.

फॉल्स सीलिंग: तुमच्याकडे उंची साडेनऊ फुटांच्या आत असेल तर राहू द्या. सहा इंच तिथे जातात, पंखा डोक्यावर आल्यासारखा वाटतो. उजेडच हवा असेल तर भिंतीवर आणि कोपऱ्यात ३००० केल्विनचे पिवळसर दिवे लावा, ओट्यावर ४००० चे, जरा पांढरे.

सीलिंगचे वाचलेले पैसे वायरिंगला. जुनी वायर सगळी काढा. दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटर, साध्या पॉइंटना २.५, गीझर आणि एसीला ४. बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवीच, आणि अर्थिंग तपासून घ्या. पॉइंट कुठे हवेत ते वहीत सापडेल. आईंच्या उशाशी एक आणि बाथरूमच्या वाटेवर पायाशी एक रातदिवा, हे विसरू नका.

ओट्याच्या उंचीला 'स्टँडर्ड' म्हणून कुणी आकडा सांगेल. जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिला उभं करा, कोपर वाकवायला सांगा, आणि त्याच्या चार-पाच इंच खाली खूण करा. जुन्या घरांतला कडप्पा बहुतेक ठणठणीत असतो. फक्त उंची चुकत असेल तरच हात लावा.

सुताराशी करार करताना प्लायच्या कंपनीचं नाव नका लिहू, आयएस (भारतीय मानक) क्रमांक लिहा: सिंकखाली ७१०, म्हणजे पाण्यात टिकणारा, बाकी ठिकाणी ३०३, म्हणजे साधा. माल आला की शिक्का स्वतः बघा. घडीच्या कपड्यांना १८ इंच खोली पुरते, २४ फक्त हँगरसाठी लागते. बेडरूममध्ये ते सहा इंच म्हणजे पलंग आणि कपाट यांच्यामधून आडवं न होता जाता येणं.

सुंदर दिसण्याचं म्हणाल, तर त्यावर माझ्याकडे फारसं ज्ञान नाही. आमच्या घरात आज लोक विचारतात ती एकच वस्तू, आजीचं सागवानी फडताळ. ते आम्ही भंगारात द्यायला निघालो होतो, सुतारानंच थांबवलं.

कामाला मुहूर्त दिवाळीनंतरचा धरा. दिवाळीआधी रंगारी मिळत नाही, मिळाला तर पहिला हात सुकायच्या आत दुसरा मारतो. तोवर पेन्सिलीच्या रेघा आणि वही, एवढंच काम आहे, आणि दोन्ही मिळून साठ रुपयांच्या आत होतं.